काटा, नांगी आणि कुसळ: रानात आणि परसात टोचणाऱ्या गोष्टींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्रेक, शेत आणि परसबाग या तीन ठिकाणांहून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कीटक आणि झाडं मुद्दाम वेगळी ठेवलेली नाहीत. टोचल्यावर विचारायचा प्रश्न दोन्हीकडे एकच असतो: आत काय राहिलं? विषाची पिशवी, ठिसूळ केस, लाकडाचा तुकडा की काहीच नाही, त्यावरून उपाय ठरतो. बहुतेक घरगुती उपाय फसतात ते हा प्रश्न न विचारल्यामुळे.

मधमाशी चावली तर काटा चिमटीनं काढायचा की कार्डानं खरवडून?

कसाही काढा, पण त्या क्षणी काढा. कार्ड शोधायला पाकीट उघडू नका.

मधमाशीची नांगी ही एकच सुई नसते. मध्ये एक पन्हळ असते आणि तिच्यावरून आळीपाळीनं पुढेमागे सरकणारी दोन पाती. पात्यांना उलटे दाते असतात. एक पातं आत रुतून घट्ट धरतं, तोवर दुसरं त्याच्या पुढे जातं. आपली कातडी लवचीक असल्यामुळे हे दाते सुटत नाहीत. माशी उडायला गेली की नांगी, विषाची पिशवी, पंपासारखं काम करणारे स्नायू आणि त्यांना चालवणारी मज्जातंतूंची गाठ असा सगळा संच तिच्या पोटातून तुटून आपल्या अंगावर राहतो. माशी मरते, संच चालूच राहतो. बहुतेक विष पहिल्या अर्ध्या मिनिटातच आत उतरतं.

चिमटीत धरलं तर पिशवी पिळली जाऊन जास्त विष आत जाईल, हा समज फार जुना आहे. १९९६ साली संशोधकांनी तो प्रत्यक्ष डंख घेऊन तपासला. चिमटीनं आणि खरवडून काढण्यात फरक पडला नाही, उशीर झाला तसा मात्र फोड मोठा होत गेला. काढून झाल्यावर साबणानं धुवा आणि बर्फ लावा. बोटाला किंवा हाताला डंख असेल तर सूज चढायच्या आत अंगठी आणि बांगड्या उतरवा. हे बहुतेक जण विसरतात आणि मग अंगठी कापायची वेळ येते.

गांधीलमाशी चावली, पण काटा सापडत नाही. आत गेला का?

नाही, तो तिच्याकडेच आहे. तिच्या नांगीचे दाते बारीक असतात, त्यामुळे ती नांगी ओढून घेऊन पुन्हा मारू शकते. जखम कोरत बसू नका, तिथून दूर व्हा.

खिडकीच्या चौकटीत किंवा स्विचबोर्डात मातीची मडकी करणारी कुंभारीण वेगळी. ती एकटी राहते. तिला वसाहत राखायची नसल्यामुळे माणसाच्या मागे लागत नाही. तिची मडकी फोडायला कारण नाही, आणि बोर्ड साफ करायचा असेलच तर आधी वीज बंद करा.

नर मधमाशी का चावत नाही?

कारण नांगी मुळात अंडी घालायचा अवयव आहे. मधमाश्या, गांधीलमाश्या आणि मुंग्या एकाच गणातल्या. त्यांच्या पूर्वजांत मादी अणकुचीदार नळीनं झाडात किंवा दुसऱ्या किड्याच्या अंगात अंडी घालायची. पुढे एका शाखेत त्या नळीचं काम बदललं. ती विष टोचू लागली आणि अंडी तिच्या बुडापासून बाहेर पडू लागली. नराकडे हा अवयव नव्हताच, त्यामुळे त्याला नांगी नाही. लाकूड पोखरणारा काळा भुंगा तोंडासमोर घोंघावत उभा राहून घाबरवतो. असं गस्त घालणारा बहुधा नर असतो आणि त्याच्याकडे टोचायला काही नसतं.

चुना, लोखंड, कांदा, खायचा सोडा: यातलं काय लावावं?

काहीच नाही. माशीचं विष आम्लधर्मी, म्हणून वर सोडा लावून ते मारायचं, हा हिशोब शाळेच्या प्रयोगशाळेत ठीक आहे. विष कातडीच्या वर नसतं, आत गेलेलं असतं. शिवाय आग फक्त आम्लामुळे होत नाही. मधमाशीच्या कोरड्या विषाचा जवळजवळ अर्धा भाग मेलिटिन नावाचं पेप्टाइड, म्हणजे प्रथिनासारखा छोटा रेणू असतो. तो पेशींची आवरणं फोडतो आणि वेदनेच्या तंतूंना थेट डिवचतो. त्यावर सोड्याचा उपयोग नाही. चुन्यानं कातडी भाजते. लोखंड घासण्यात, नांगी आत असेल तर, मोलाचे काही सेकंद जातात. थंड पट्टी आणि खाजेसाठी डॉक्टरांनी सांगितलेली गोळी एवढं साध्या डंखाला पुरतं.

दुखण्याबद्दल सांगायचं तर, अमेरिकी कीटकशास्त्रज्ञ जस्टिन श्मिट यांनी स्वतः डंख खाऊन वेदनेची १ ते ४ अशी पट्टी तयार केली. मधमाशी तिच्यात २ वर आहे. २०१४ साली मायकेल स्मिथ या संशोधकानं शरीरावर २५ जागी मधमाशी चाववून घेऊन सर्वांत दुखरी जागा शोधली. नाकपुडी पहिली आली. या दोघांना २०१५ साली विनोदी संशोधनाचं इग नोबेल मिळालं.

साधी सूज आणि धोका यातला फरक कसा ओळखायचा?

डंखाच्या जागी सूज, लाली, अगदी अख्खा हात सुजणं हे त्रासदायक आहे, पण ते एका जागेपुरतं आहे. डंख पायाला आणि गांधी अंगभर उठल्या, ओठ-जीभ सुजली, आवाज घोगरा झाला, दम लागला, उलटी झाली, चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ही तीव्र ॲलर्जी आहे. तिच्यावरचं औषध ॲड्रेनॅलिन. ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत टोचतात. ॲलर्जीची गोळी एकटी इथे पुरत नाही आणि तिचा परिणाम बघत थांबणं सर्वांत महागात पडतं. १०८ ला फोन करा. माणसाला आडवं करून पाय उंच ठेवा, दम लागत असेल तर बसू द्या, पण चालवत नेऊ नका. एकदा असं झालेल्या माणसानं पुढच्या ट्रेकआधी ॲलर्जीतज्ज्ञाला भेटावं. विषाच्या ॲलर्जीवर लसीसारखे उपचार आहेत आणि ते परिणामकारक आहेत.

दुसरा धोका संख्येचा. ॲलर्जी नसली तरी पन्नासेक डंख बसले असतील तर रुग्णालयात जायलाच हवं, मुलांच्या बाबतीत त्याहूनही आधी. स्नायू आणि तांबड्या पेशी फुटून त्याचा भार मूत्रपिंडावर येतो. हे लगेच दिसत नाही. माणूस संध्याकाळी ठणठणीत वाटतो आणि दुसऱ्या दिवशी लघवी काळपट लाल होते.

किल्ल्यावर आग्या मोहोळ उठलं तर?

सातेरी माशी झाडाच्या ढोलीत किंवा पेटीत राहते, तिला भिंतीचा आडोसा असतो. आग्या माशीचं पोळं कड्याला, लेण्याच्या छताला, उंच झाडाला उघडं लटकतं. त्याच्या रक्षणाला माश्यांच्या अंगांचं पांघरूण एवढंच असतं. म्हणून ती तडक उठते. भक्षक जवळ आला की पोळ्यावरून लकाकती लाट धावताना दिसते. शेजारशेजारच्या माश्या क्रमानं पोट उचलतात त्यामुळे ती लाट उमटते. ती दिसली तर तुम्ही फार जवळ आला आहात.

त्यांना उठवतो तो बहुतेक वेळा धूर, दगड, आरडाओरडा नाहीतर अत्तर. एका माशीनं नांगी मारली की तिथून इशाऱ्याचा गंध सुटतो. त्याला पिकलेल्या केळ्यासारखा वास असतो आणि बाकीच्यांसाठी तो पत्ता ठरतो. अंगावर माश्या चिरडल्या की हा गंध वाढतो. हात झाडू नका. तोंड-नाक-डोळे कपड्यानं झाका आणि एका दिशेनं लांब, शक्यतो बंद खोलीत किंवा गाडीत जा. पाण्यात उडी मारू नका, त्या वर घोंघावत थांबतात. मात्र कड्याच्या अरुंद वाटेवर असाल तर धावू नका. तिथे पाय घसरणं डंखांपेक्षा घातक. बसा, सगळं अंग चादरीनं, रेनकोटनं, जे असेल त्यानं झाका आणि हलू नका.

लेण्यात शेकोटी पेटवून "आम्ही काळजी घेतो" म्हणणाऱ्या गटाबरोबर जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मुंगी चावते की नांगी मारते?

जात पाहावी लागते. आंब्याच्या पानांची घरटी शिवणारे ओंबिल (काही भागांत हुमले) जबड्यानं चावतात आणि त्या जखमेवर फॉर्मिक आम्ल उडवतात. त्यांना नांगी नाही. मुंगळ्यालाही नाही. छोट्या लाल आगमुंग्या मात्र जबड्यानं कातडी पकडतात आणि पोट वळवून मागून टोचतात. त्या झटकून लवकर सुटत नाहीत, एकेक ओढून काढाव्या लागतात.

विंचवाचं काय?

विंचू कीटक नाही, आणि त्याची नांगी शेपटीच्या टोकाला असते, नरालाही असते. या पानावरचे उपाय त्याला लावू नका. कोकणातला लाल विंचू हृदयावर परिणाम करतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे औषध त्यावर वापरात आणलं आणि मृत्यूचं प्रमाण झपाट्यानं उतरलं. लाल विंचू चावल्यावर घाम, उलट्या, हातपाय गार पडणं दिसलं की मांत्रिक आणि घरगुती लेप दोन्ही सोडून दवाखाना गाठायचा.

टोक इतकं बारीक असूनही मोडत कसं नाही?

बुडाशी जाड आणि टोकाकडे निमुळतं असल्यामुळे. फार बारीक असेल तर घर्षणानं वाकतं, फार जाड असेल तर आत शिरतच नाही. या दोन्हींच्या मधली जागा फार अरुंद आहे. २०२० साली डेन्मार्कच्या अभ्यासकांनी वनस्पती आणि प्राण्यांची टोकं मोजून दाखवलं की डोळ्याला न दिसणाऱ्या सुयांपासून नारव्हाल या देवमाशाच्या मीटरभराहून लांब सुळ्यापर्यंत लांबी-जाडीचं नातं जवळपास एकाच नियमात बसतं.

बाभळीचा काटा आणि गुलाबाचा काटा यात फरक आहे का?

आहे, आणि बोटांना तो लगेच कळतो. गुलाबाचा काटा आडवा दाबला की सालीचा टवका घेऊन निघतो, कारण तो फक्त वरच्या थरांची वाढ आहे. त्यात रस वाहून नेणाऱ्या शिरा नसतात. काटेसावरीच्या कोवळ्या खोडावरचे शंकूसारखे काटे याच जातीचे. झाड म्हातारं झालं की बुंध्यावरचे झडून जातात. पांगारा, घाणेरी आणि शिकेकाई यांचेही असेच. शिकेकाईचे तर आकडे आहेत, ती त्यांच्या आधारानं शेजारच्या झाडावर चढते. त्यामुळे ते बचावासाठी की चढण्यासाठी असा प्रश्न विचारला तर उत्तर दोन्हींसाठी असंच द्यावं लागतं.

बाभळीचा लांब पांढरा काटा उपटून निघत नाही. तो पानाच्या देठाशी असणाऱ्या उपपर्णांचा झालेला आहे, म्हणून तो जोडीनं येतो. बोरीचंही तसंच, पण तिच्या जोडीतला एक काटा सरळ आणि एक वाकडा. हात आत घालताना सरळ टोचतो आणि बाहेर काढताना वाकडा अडकतो. बोरं तोडणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं, फक्त त्यानं जोडी निरखून पाहिलेली नसते. फड्या निवडुंगाचे काटे म्हणजे रूपांतरित पानं. करवंद, डाळिंब, बोगनवेल आणि लिंबू यांचे काटे मात्र थांबलेल्या फांद्या आहेत. म्हणून करवंदीचा काटा दुबेळक्याचा असतो आणि डाळिंबाच्या काट्याला कधीकधी पानं फुटलेली दिसतात.

बी लावून वाढवलेल्या लिंबाला काटेच काटे. कलमाला एवढे नव्हते. असं का?

बियांपासून आलेलं झाड अजून लहान आहे. लिंबूवर्गातल्या झाडांना बाल्यावस्थेत काटे दाट आणि लांब येतात, फळावर आल्यावर नव्या फांद्यांवर ते कमी होतात. कलमाची काडी मोठ्या झाडाची, ती वयानं आधीच पोक्त असते. उंची गाठेपर्यंत चरणाऱ्या तोंडांपासून वाचायचं असा सरळ हिशोब आहे. २०२० साली येल विद्यापीठातल्या संशोधकांनी लिंबूवर्गातली दोन जनुकं बंद पाडली, तर काट्यांच्या जागी फांद्या फुटल्या. काट्याचा कोंब वाढायचा थांबून टोकदार होतो, तो त्या जनुकांच्या हुकमानं.

कलमावर अचानक दाट काट्यांचा जोमदार फुटवा आला असेल तर तो कुठून निघालाय ते पाहा. कलमाच्या जोडाच्या खालून असेल तर तो खुंटाचा, म्हणजे कलम ज्यावर बांधलं त्या झाडाचा आहे, मुळापासून काढून टाका.

एवढे काटे असून शेळी बाभूळ खातेच. मग उपयोग काय?

काटा खाणं थांबवत नाही, मंदावतो. ओठ जपून घालावे लागतात, घास लहान होतो, वेळ जास्त जातो. तेवढ्यात झाडाचं बरंच काही वाचतं. शेंगांना मात्र काटे नसतात. त्या शेळ्यांनी खाव्यात आणि बिया दूर जाव्यात हे झाडाच्या फायद्याचं आहे.

काटे बनवायला खर्च येतो, म्हणून गरज नसेल तर काही झाडं हात आखडतात. पूर्व आफ्रिकेतल्या एका बाभळीचे काटे बुडाशी फुगून पोकळ होतात आणि त्यात मुंग्या राहतात. झाड त्यांना मधुरस देतं, मुंग्या हत्ती-जिराफांवर तुटून पडतात. केनियात मोठे प्राणी कुंपणाबाहेर ठेवून वर्षानुवर्षं पाहिलं, तेव्हा झाडांनी मधुरस आणि फुगीर काटे दोन्ही कमी केले. मग मुंग्यांची वागणूक बदलली, खोड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांना मोकळं रान मिळालं आणि झाडांचंच नुकसान झालं. हा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. मध्य अमेरिकेतल्या दुसऱ्या एका बाभळीच्या काट्यांतल्या मुंग्या तर नांगी मारणाऱ्याच आहेत. तिथे काटा आणि नांगी एकाच झाडावर नांदतात.

निवडुंगाच्या बारीक कुसळांनी हात भरला. दिसत नाहीत, पण टोचतात.

फड्या निवडुंगाला मोठ्या काट्यांच्या बुडाशी केसाएवढ्या कुसळांचे झुबके असतात. हात नुसता लागला तरी ती सुटतात, आणि उलट्या दात्यांमुळे आत सरकतात. तोंडानं ओढून काढू नका, मग ती ओठात रुततात. दिसतील ती चिमट्यानं काढा. उरलेल्यांवर पांढऱ्या डिंकाचा पातळ थर आणि वर जाळीदार कापड ठेवा, पूर्ण वाळू द्या, मग सोला. यावर चिकटपट्टी तितकीशी चालत नाही.

निवडुंगाला अखेर हरवलं ते काट्यांना न जुमानणाऱ्या एका किड्यानं. ईस्ट इंडिया कंपनीनं लाल रंगाच्या धंद्यासाठी १७९५ साली ब्राझीलहून कोचिनील किडा मागवला. आला तो भलत्याच जातीचा. रंग निकृष्ट निघाला, पण एका जातीच्या निवडुंगाचा त्यानं फडशा पाडला. उरलेल्या जातींसाठी दुसरा कोचिनील १९२६ साली मुद्दाम दक्षिण भारतात सोडला गेला. गुरांच्या तोंडासाठी बनलेला काटा रस शोषणाऱ्या इवल्या किड्यापुढे कुचकामी ठरतो, एवढंच त्यातून दिसतं.

खाजकुइली आणि आग्या ही एकच भानगड आहे का?

नाही. सह्याद्रीत आग्या किंवा खाजोटी म्हणतात त्या झुडपांच्या पानांवर पोकळ केस असतात. टोक ठिसूळ असतं. हात लागला की ते मोडून तिरकी सुई होते आणि बुडाच्या फुग्यातला रस आत जातो. त्यात हिस्टामिनसारखी (ॲलर्जीत अंगात सुटतं आणि खाज आणतं ते) द्रव्यं असतात. लगेच आग होते, गांधी येतात, काही तासांत उतरतं.

खाजकुइलीच्या शेंगेवरची सोनेरी लव रस टोचत नाही. त्या केसांतच प्रथिनं तोडणारं विकर (एन्झाइम) असतं. म्युक्युनेन या नावानं ते १९५५ साली वर्णिलं गेलं. त्याची खाज हिस्टामिनच्या वाटेनं जात नाही, म्हणून ॲलर्जीची गोळी घेऊनही फारसा फरक पडत नाही. केस अंगावर आहेत तोवर खाज राहणार. खाजवू नका, टॉवेलनं पुसू नका. चिकटपट्टी लावून ओढा, जागा बदलत पुन्हा ओढा, मग भरपूर पाण्यानं धुवा. कपडे वेगळे धुवा, नाहीतर घरभर तमाशा होतो.

अळू खाल्ल्यावर घसा का खवखवतो?

तेही टोचणंच आहे. अळू आणि सुरण यांच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक जुड्या करून असतात. चावताना ते घशात रुततात. चिंच किंवा आमसुलाशिवाय आपल्याकडे अळू कुणी शिजवत नाही ते उगाच नाही, आणि अर्धवट शिजलेल्या अळूला कितीही चिंच घातली तरी खाज येते हेही खरं.

सुरवंट अंगावरून गेला. घोंगडीवर घासू का?

घासल्यानं काही केस निघतात आणि काही आणखी आत जातात. आधी चिकटपट्टी, मग पाणी. केस डोळ्यात गेला असेल तर अजिबात चोळू नका. काही केस बुबुळात पुढे सरकत राहतात. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा.

बाभळीचा काटा पायात मोडला. रुईचा चीक लावला तर वर येतो म्हणतात.

चीक कातडी जाळतो आणि डोळ्यात गेला तर फार वाईट. काटा दिसत असेल तर धुऊन, निर्जंतुक सुईनं वरची कातडी उघडून तो शिरला त्याच रेषेत ओढा. पाय पाण्यात भिजवत बसू नका, लाकूड फुगतं आणि तुकडे पडतात. धनुर्वाताची लस कधी घेतली ते आठवा. मातीच्या जखमेत पाच वर्षांपेक्षा जास्त झाली असतील तर पुन्हा घ्यावी लागते.

मोडलेला तुकडा एक्स-रेमध्ये सहसा दिसत नाही. "एक्स-रे साफ आहे, काटा नाही" असं ऐकून परत आलेल्यांनी सोनोग्राफी करून घ्यावी, तिच्यात लाकूड दिसतं. गुडघ्याजवळ किंवा बोटाच्या सांध्यापाशी शिंदीचा काटा घुसला असेल तर जखम भरल्यावर काही आठवड्यांनीही सांधा सुजू शकतो. तोवर काट्याची आठवण कुणाला राहत नाही आणि उपचार संधिवाताचे सुरू होतात. डॉक्टरांना काट्याचं आवर्जून सांगा.

कुंपणाला काटेरी काय लावावं?

करवंद. हलक्या मातीत भागतं, फळ देतं, पक्ष्यांना आसरा देतं आणि दुबेळकी काट्यांतून डुक्कर सहजी घुसत नाही. फक्त दाट व्हायला वेळ घेतं, पहिली काही वर्षं त्याला राखावं लागतं. घाई असेल तर सागरगोटा आणि चिल्हार, पण दरवर्षी छाटायची तयारी ठेवा, नाहीतर कुंपण शेतात येतं. बांधावर घायपात चालते, मात्र तिची टोकं लहान मुलाच्या डोळ्याच्या उंचीवर येतात, म्हणून घराजवळ नको. घाणेरी आणि वेडी बाभूळ कुणी फुकट दिली तरी लावू नका. दोन्ही आटोक्यात राहत नाहीत, आणि वेडी बाभूळ तोडल्यावर रस्त्यावर पडलेले तिचे काटे टायरमधून आरपार जातात.